पायाखालचा मध्यम

नोव्हेंबर १९५३. नॅशव्हिलमध्ये वेब पिअर्स या कंट्री गायकाचं ‘स्लोली’ हे गाणं ध्वनिमुद्रित होत होतं. स्टील गिटारवर बसला होता इंडियानातल्या बेडफर्ड गावचा बड आयझॅक्स, वय पंचवीस. त्याच्यासमोरचं वाद्य कॅलिफोर्नियातल्या पॉल बिग्सबीनं बनवलेलं होतं आणि त्याला पेडलं होती. आयझॅक्सनं तारा छेडल्या आणि त्या घुमत असतानाच पाय दाबला. दोन तारा वर चढल्या, बाकीच्या होत्या तिथंच राहिल्या. डाव्या हातातला पोलादी बार जागचा हलला नाही. ऐकणाऱ्याच्या कानासमोर एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा एक गट, विरघळून दुसरी झाली.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला गाणं बाजारात आलं आणि कंट्री गाण्यांच्या यादीत सतरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. लोकांना पिअर्सचा आवाज भावला. स्टील गिटार वाजवणाऱ्यांना मात्र त्या गाण्यात वेगळंच काही ऐकू आलं. हात न हलवता सूर सरकतो कसा, आणि सगळे न सरकता दोनच कसे सरकतात? पेडलचं वाद्य विकत घेणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांनी मिळेल ती सळई आणि मिळेल ते लोखंड जोडून आपल्या जुन्या गिटारला घरीच पेडल बसवायला घेतलं. एका गाण्यातल्या काही सेकंदांनी एका वाद्याची बांधणी बदलावी, असं संगीताच्या इतिहासात फार वेळा घडलेलं नाही.

ते सेकंद इतके मोठे का ठरले, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

स्टील गिटार मूळची हवाई बेटांची. ओआहू बेटावरच्या लाईए गावच्या जोसेफ केकुकू या मुलानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी घेतली आणि बोटांऐवजी लोखंडाचा तुकडा तारांवरून फिरवायला सुरुवात केली, असं मानलं जातं. १९०४ साली तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताचं वेड देशभर पसरलं. विजेवर चालणारी जी पहिली गिटार बाजारात विकली गेली, तीही १९३०च्या दशकाच्या सुरुवातीची रिकनबॅकर कंपनीची हवाईयन गिटारच होती. भारतातही हे वाद्य आलं. ताउ मो हा हवाईयन वादक १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहिला होता. पुढं व्हॅन शिप्ले यांनी मुंबईत आणि सुनील गांगुली यांनी कलकत्त्यात या गिटारवर वाजवलेल्या गाण्यांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. मींड ज्यांच्या कानात मुरलेली आहे, त्या लोकांना हे वाद्य आपलं वाटलं यात आश्चर्य नाही.

मींड काढायला बारसारखं साधन नाही. कॉर्डच्या बाबतीत मात्र तोच बार अडचण होतो. तो सरळ असतो आणि सगळ्या तारांना एकाच रेषेत अडवतो. तारा ज्या अंतरानं जुळवल्या असतील, तेच अंतर घेऊन सगळे सूर एकदम वर किंवा एकदम खाली जातात. जुळणी मेजर कॉर्डची असेल तर प्रत्येक पडद्यावर मेजर कॉर्डच मिळणार. मायनर हवी असेल तर काय करायचं? बार तिरका धरायचा. निष्णात वादक तसं करत, पण तिरक्या बारावर सूर नेमका लावणं अवघड, आणि मिळतात ते दोन-तीन तारांचे सूर. दुसरा उपाय म्हणजे एकाच चौकटीवर दोन, तीन, चार गळे बसवायचे, प्रत्येकाची जुळणी वेगळी ठेवायची आणि गाण्याच्या मध्येच एका गळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची. लिऑन मॅकऑलिफसारखे वादक चार-चार गळ्यांची गिटार वाजवत. त्यात कॉर्ड मिळतात. एका कॉर्डमधून दुसरीत जाण्याची सलग वाट मिळत नाही.

पेडलची कल्पना आयझॅक्सच्या आधीची आहे. १९४०च्या सुमारास गिब्सन कंपनीनं ‘इलेक्ट्राहार्प’ हे पेडलवालं वाद्य काढलं. त्याची यंत्रणा जॉन मूर यांची होती आणि अल्विनो रे यांच्या वाद्यवृंदामुळे ते लोकांच्या नजरेत आलं. इंडियानापोलिसच्या हार्लिन बंधूंचं ‘मल्टी-कॉर्ड’ही होतं. पॉल बिग्सबी हा मोटारसायकलींच्या कामातला कसबी कारागीर. त्यानं १९४८ साली स्पीडी वेस्ट या वादकाला पेडलांची गिटार करून दिली आणि वेस्टनं त्यावर अचाट वेगाचं वादन केलं. पण पेडलकडं बघण्याची बहुतेकांची रीत एकच होती. पेडल म्हणजे जुळणी बदलण्याची सोय. चार गळे बाळगण्यापेक्षा एकच गळा ठेवावा आणि पेडल दाबून त्याची जुळणी बदलावी. सूर थांबला की पाय दाबायचा आणि मग पुढचं वाजवायचं. पायाची हालचाल लोकांना ऐकू जाऊ नये, अशीच धडपड.

आयझॅक्सनं ती हालचालच ऐकवली. तिचं मर्म सरगममध्ये लवकर कळतं. ई हा सूर सा मानला तर उघड्या तारांवर सा-ग-प ही कॉर्ड असते. आयझॅक्सच्या पेडलनं प चढून ध व्हायचा आणि ग चढून म व्हायचा. सा मात्र हलायचा नाही. म्हणजे सा-ग-प ची झाली सा-म-ध, मध्यमाची मेजर कॉर्ड. ती बार पुढं सरकवूनही मिळाली असती. पण तेव्हा तिन्ही सूर धावले असते. इथं एक स्थिर राहतो आणि दोन त्याच्यापासून दूर जातात. चर्चमधल्या चार आवाजांच्या गायनात जे घडतं, एक आवाज धरून ठेवतो आणि दुसरे सरकतात, ते या वाद्यावर पहिल्यांदा इतक्या उघडपणे घडलं. माझ्या मते या वाद्याचा पुढचा सगळा इतिहास या एकाच शोधाचा विस्तार आहे. पेडलं वाढत गेली ती नव्या कॉर्डसाठी कमी आणि कॉर्डमधल्या वाटांसाठी जास्त.

हे ज्याच्या लवकर ध्यानात आलं तो बडी एमन्स. हाही इंडियानाचाच, मिशावाका गावचा, जन्म १९३७. १८व्या वर्षी तो लिटल जिमी डिकेन्सच्या वाद्यवृंदात नॅशव्हिलला आला. आयझॅक्सचं पेडल त्यानंही बसवलं होतं. मग त्यानं स्वतःला एक प्रश्न विचारला, जो नंतर अगदी साधा वाटतो: हे दोन सूर एकत्रच का चढले पाहिजेत? १९५७च्या सुमारास त्यानं त्या एका पेडलचं काम दोन पेडलांत वाटलं. एक पेडल फक्त प चा ध करणार, दुसरं फक्त ग चा म. दोन्ही एका पायानं दाबली की आयझॅक्सचीच कॉर्ड मिळते. पण एकेक दाबली की?

फक्त पहिलं दाबलं तर सा-ग-ध, म्हणजे धैवताची मायनर कॉर्ड. सरळ बारावर जी मायनर इतकी वर्षं हुलकावणी देत होती ती घोट्याच्या एका हालचालीवर आली. फक्त दुसरं दाबलं तर सा-म-प, जिच्यात म अधांतरी राहतो आणि परत ग वर उतरायला बघतो. आणि दोन्ही दाबलेली असताना पाऊल हळूच एका कडेला कलवलं तर एक सूर खाली येतो आणि दुसरा वरच राहतो. कंट्री संगीतात ज्याला लोक स्टील गिटारचं रडणं म्हणतात, त्यातलं बरंचसं याच कलण्यात आहे. नवी तार आली नव्हती, नवा सूर आला नव्हता. फक्त एक जोड सोडवली गेली होती.

त्याच सुमारास जिमी डे या वादकानंही पेडल असंच फोडलं, फक्त त्याचा क्रम उलटा होता. म्हणून आजही गिटार मागवताना एमन्सची मांडणी हवी की डेची, हे सांगावं लागतं. दोघांतलं आधी कोण, या वादापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं की दोघे मित्र होते आणि दोघांचेही कान त्याच जागी अडले होते.

१९५७ मध्येच एमन्सनं शॉट जॅक्सनबरोबर ‘शो-बड’ ही गिटार बनवणारी कंपनी काढली. अर्नेस्ट टब या गायकाच्या वाद्यवृंदातली वर्षं संपवून १९६२ साली तो रे प्राइस या गायकाकडं गेला, जिमी डेच्याच जागी. त्याच काळात त्यानं आठ तारांच्या गळ्यावर आणखी दोन तारा घातल्या, एक रे आणि एक शुद्ध नी. त्या वाजवणाऱ्यापासून सर्वांत दूर, पहिल्या आणि दुसऱ्या जागी बसवल्या. सुरांच्या चढत्या क्रमात त्या तिथं बसत नाहीत. तिसऱ्या तारेचा ग त्यांच्यापेक्षा उंच असतो. पण त्यामुळे वरच्या सप्तकात सा-च्या दोन्ही बाजूंचे सूर हाताशी आले आणि बार न हलवता सुरावट वाजवता येऊ लागली. आज ज्याला ई-नाईन जुळणी म्हणतात ती अशी तयार झाली.

तिसरं पेडल आलं. ते सा चा रे करतं आणि प चा ध. ग चा म करणाऱ्या पेडलबरोबर ते दाबलं की रे-म-ध, ऋषभाची मायनर. पाय कमी पडले तेव्हा गुडघे कामाला लागले. गुडघ्यानं डावीउजवीकडे ढकलायच्या दांड्यांचं श्रेय झेन बेक यांना दिलं जातं. एक दांडी सा ला कोमल रे पर्यंत चढवते, दुसरी त्याला शुद्ध नी पर्यंत उतरवते. सा उतरवून ग चा म केला आणि रे ची तार घेतली तर नी-रे-म-प मिळतात. म्हणजे पंचमाची ती सातव्या सुरासह असलेली कॉर्ड, जी प्रत्येक गाण्याला घरी आणते. बार अजूनही त्याच पडद्यावर आहे. डावा पाय तीन पेडलांवर, उजवा आवाजाच्या पेडलवर, दोन्ही गुडघे दांड्यांमध्ये, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्यात बार. शरीराचा इतका भाग एकाच वेळी कामाला लावणारं दुसरं वाद्य सांगायचं तर चर्चमधला ऑर्गनच आठवतो.

टॉम ब्रम्लीनं बक ओवेन्सच्या १९६४च्या ‘टुगेदर अगेन’मध्ये वाजवलेला तुकडा ऐकावा. या सगळ्या यंत्रणेचं गाण्यात काय होतं ते तिथं कळतं. रॉक संगीतातला जेरी गार्सिया त्यानं भारावला आणि पुढं स्वतः हे वाद्य शिकला.

प्रत्येक वाढीव पेडलची किंमत मात्र मोजावी लागते. तार गिटारच्या एका टोकाला एका छोट्या फिरत्या धातूच्या जिभेवरून जाते. पेडल दाबलं की सळई ओढली जाते, जीभ फिरते, तार ताणली किंवा सैल होते. चढवणं सोपं. त्याच तारेला उतरवायचंही असेल तर स्प्रिंग लागते, आणि पाय काढल्यावर तारेनं नेमकं मूळ सुरावर परतलं पाहिजे. एमन्सनं १९६३ साली रॉन लॅशलीबरोबर नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टनला स्वतःच्या नावाची कंपनी काढली, ती याच प्रश्नाचं वेगळं उत्तर घेऊन. त्या गिटारमध्ये एक सळई ओढून तार चढते, दुसरी ढकलून तार उतरते. आवाजासाठी ती अजून नावाजली जाते. दुसरी अडचण अशी: पाय दाबला की लाकडी पेटीच किंचित वाकते आणि ज्या तारा हलायला नकोत त्याही केसभर खाली येतात. तिसरी तार सर्वांत बारीक आणि सर्वांत ताणलेली. तिला ग वरून म वर चढवता चढवता ती तुटते, हा प्रत्येक वादकाचा अनुभव.

याहून खोल प्रश्न सुरांचा आहे, आणि इथं आपल्याकडच्या वाचकाला अमेरिकी वाचकापेक्षा जास्त दिसेल. कानाला गोड लागणारा गांधार पियानोच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो (सेंट म्हणजे पियानोच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). तंबोऱ्यातून उमटतो तो हाच. स्टीलवाले पेडलचे थांबे कानानं लावतात, म्हणून ते आपोआप याच गांधाराकडं जातात. पण एकाच तारेवर अनेक पेडलं आली की एकाच सुराकडून दोन वेगवेगळ्या अपेक्षा होतात. रे ची तार घ्या. पंचमाच्या कॉर्डमध्ये ती प पासूनचा पाचवा सूर. तिथं ती चढी हवी. ऋषभाच्या मायनरमध्ये ती म आणि ध बरोबर वाजते. तिथं ती सुमारे २२ सेंट उतरलेली हवी. हे अंतर म्हणजे आपल्या श्रुतिशास्त्रातली प्रमाणश्रुती. भरतानं दोन वीणा शेजारी ठेवून जो फरक दाखवला, तोच हजारो मैल दूर पायाखालच्या सळईच्या टोकाशी असलेल्या नायलॉनच्या नटावर येऊन उभा राहतो. वादक तिथं तडजोड करतो आणि उरलेलं बार केसभर मागेपुढे करून भरून काढतो.

सगळ्यांना हा मार्ग मान्य नव्हता. जेरी बर्ड हे त्या काळातले सर्वांत आदरणीय स्टील वादक. हँक विल्यम्सच्या ‘लव्हसिक ब्लूज’मधली स्टील त्यांचीच. सी-सिक्स ही जुळणी त्यांच्या नावावर आहे. त्यांनी पेडलं घेतली नाहीत. सूर हातातून आणि बारातून यावा, ही त्यांची श्रद्धा. नॅशव्हिल पेडलांच्या मागं गेलं तेव्हा त्यांचं काम आटत गेलं आणि १९७२ साली ते हवाईला राहायला गेले. तिथं त्यांनी पुढची पिढी शिकवली. त्यांच्या वादनातला तिरका बार ऐकला की त्यांचा हट्ट कळतो. पेडलचा सूर नेहमी ठरलेल्या दोन टोकांमध्ये फिरतो. बारच्या मींडेला टोकं नसतात. बर्ड यांनी जे जपलं ते खरोखर जपण्याजोगं होतं, असं मी मानतो, जरी एमन्सशिवाय या वाद्याची कल्पना मला करता येत नाही.

हवाईची हीच गिटार भारतात आली तेव्हा तिला पेडल कुणी लावलं नाही. कॉर्डचा प्रश्नच आपल्या रागसंगीतात नव्हता. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवला. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी अनेक मराठी घरांत आहे. विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणा घडवताना तरफेच्या आणि चिकारीच्या तारा घातल्या. नॅशव्हिलमध्ये हेच वाद्य एक सूर धरून दुसरे हलवायला शिकलं; आपल्याकडं सगळे सूर धरून एकच हलवायला.

आता पुन्हा नॅशव्हिलकडं, चौथ्या पेडलकडं. पॉल फ्रँकलिन डेट्रॉइटचा, जन्म १९५४. त्याचे वडीलही पॉल, आणि तेही पेडल स्टील बनवणारे कारागीर. मुलाला जे ऐकू यायचं ते वडिलांच्या कार्यशाळेत लोखंडात उतरू शकत होतं. नॅशव्हिलच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत तो आहे. डायर स्ट्रेट्स या रॉक बँडच्या १९९१च्या ‘ऑन एव्हरी स्ट्रीट’मध्येही. त्याच्या नावानं ओळखलं जाणारं पेडल आधीच्या सगळ्या पेडलांच्या उलट चालतं. पहिल्या दोन पेडलांनी प आणि ग वर चढतात. हे पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेचा प उतरवून म करतं, सहाव्या तारेचा ग उतरवून रे. नवव्या तारेवर कोमल नी आधीपासून आहेच. दाबलं की कोमल नी-रे-म, म्हणजे कोमल निषादाची पूर्ण मेजर कॉर्ड. सोडलं की परत सा-ग-प.

ही कॉर्ड बार दोन पडदे मागे घेऊन नेहमीच मिळत होती. मग पेडल कशाला? कारण आयझॅक्सच्या पेडलला होतं तेच उत्तर इथंही आहे. बार मागे नेला की सा सुद्धा मागे जातो. या पेडलनं सा च्या दोन्ही तारा आपापल्या जागी घुमत राहतात आणि त्यांच्याखाली प आणि ग एकेक स्वर उतरतात. कोमल नी न छेडता फक्त सा-रे-म वाजवलं तर ती कॉर्ड मेजरही नसते आणि मायनरही; ती नुसती थांबून असते आणि पाय उचलला की ग आणि प वर परत चढते. बॅलड गाणाऱ्याच्या दोन ओळींमधल्या जागेत फ्रँकलिन हे करतो तेव्हा तिथं पियानोचे आवाज सरकतात तसं वाटतं, पण प्रत्येक आवाजाला मींड असते.

त्रासही वाढतो. सहाव्या तारेचा उतरवलेला रे आणि सातव्या तारेचा मूळचा रे, दोघांनी एकत्र जुळायचं तर तो मघाचाच २२ सेंटांचा प्रश्न पुन्हा आला. पाचव्या तारेवर आता चढवणारी दोन पेडलं आणि उतरवणारं एक, म्हणजे त्या एका जिभेवर तीन सळया. आणि पेडल बसवायचं कुठं? काही जण ते पहिल्याच्या डावीकडं ठेवतात, काही जण तिसऱ्याच्या पलीकडं. डावीकडं ठेवलं तर पहिल्या पेडलवरून पाय तिथं पटकन पोचतो. उजवीकडं ठेवलं तर जुन्या तीन पेडलांची सवय मोडत नाही, पण पहिल्यापासून तिथवर पाय उचलून न्यावा लागतो.

नवी गिटार मागवताना वादक प्रत्येक तारेचं प्रत्येक पेडलनं काय व्हायचं याचा तक्ता बनवणाऱ्याला देतो. या तक्त्याला कोपेडंट म्हणतात. पहिल्या तीन पेडलांचे रकाने जवळपास सगळ्यांचे सारखे असतात, एमन्सनं साठ वर्षांपूर्वी ठरवले तसे. चौथ्याच्या रकान्यात काही जण फ्रँकलिनचा बदल लिहितात, काही जण स्वतःचा. बनवणाऱ्याला तो रकाना भरून मिळाल्याशिवाय सळया कापता येत नाहीत.